उशिरा पोचणारी फाइल

एका घरात दोन संगणक असावेत, एकावर विंडोज व दुसऱ्यावर लिनक्स, आणि दोहोंतील एक फोल्डर सदैव सारखा राहावा अशी योजना केलेली असावी. सकाळी लिनक्सवर लेखाची चार पाने दुरुस्त होतात. थोड्या वेळाने विंडोजवर तोच लेख उघडावा तो पाने जुनीच! मालकाच्या हे ध्यानात आले नाही, तर तो जुन्याच पानांवर नवी दुरुस्ती करतो आणि एका लेखाच्या दोन निरनिराळ्या प्रती हाती येतात. विलंबाचे खरे नुकसान ते हे. वाट पाहण्याचा त्रास त्यामानाने क्षुल्लकच म्हणावयाचा.

अशा वेळी बहुतेकांचा राग इंटरनेटवर निघतो. तो पुष्कळदा अस्थानी असतो. फाइल पोचण्यास उशीर होण्यापूर्वी, ती बदलली आहे हे कळण्यासच उशीर झालेला असतो. गावात काही घडले तर ते पाटलाला दोन तऱ्हांनी कळावयाचे: जागल्याने वर्दी द्यावी, किंवा पाटलाने स्वतः फेरी मारावी. संगणकाचेही तसेच आहे. सिंकथिंग या मुक्त आज्ञावलीच्या मूळ मांडणीत वर्दी आल्यावर सुमारे दहा सेकंद थांबून काम सुरू होते. वर्दी चुकलीच, तर साधारण तासातासाने सगळ्या फोल्डरची एक फेरी असते. म्हणून प्रथम घड्याळ घेऊन विलंब मोजावा, आणि तो दोन्ही दिशांनी मोजावा. दहा-वीस सेकंद लागत असतील तर तो दोष नव्हे. विंडोजवरील बदल लगेच येतो, पण लिनक्सवरील बदल तासाभरात केव्हातरी जातो, असे आढळले तर जागल्या झोपला आहे हे निश्चित समजावे.

त्याचे कारण बहुधा ठरलेले असते. लिनक्समध्ये वर्दी देणारी इनोटिफाय ही यंत्रणा २००५ साली आली. तिला प्रत्येक पोटफोल्डरवर निराळा पहारा बसवावा लागतो, आणि पहाऱ्यांची संख्या एका वापरकर्त्यास कित्येक वर्षे ८१९२ इतकीच मिळत असे. २०२१ मधील ५.११ या आवृत्तीपासून ती स्मृतीच्या प्रमाणात ठरते. जुन्या यंत्रांवर मात्र अडचण उरलीच. विंडोजचे तसे नाही. तेथे एकच पहारेकरी सगळा पोटभाग सांभाळतो. तेव्हा लिनक्सवरील मर्यादा वाढवावी व आज्ञावली पुन्हा सुरू करावी.

विलंबाला काही नियमच नसेल, तर मग जोडणीकडे वळावे. विंडोजने घरचे जाळे सार्वजनिक समजून वाट अडविली असेल, तर एकाच खोलीतील दोन यंत्रे दूरच्या मध्यस्थामार्फत बोलत राहतात.

काही फायली मात्र उशिरा नव्हे, कधीच येत नाहीत. लिनक्सला नावात विसर्ग वाटावा असा अपूर्णविराम किंवा प्रश्नचिन्ह चालते. विंडोजला चालत नाही. मराठी माणसाची अडचण आणखी वेगळी. ‘दऱ्या’ या शब्दातील ऱ युनिकोडमध्ये एका अक्षराने लिहिता येतो, तसाच र आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. १९९८ पासूनची मॅकची जुनी फाइलपद्धती नावे सुटी करून ठेवीत असे. डोळ्यांना नाव एकच दिसते, यंत्राला ती दोन वाटतात! सिंकथिंगमध्ये अशी नावे एकरूप करण्याची सोय मुळातच चालू असते. ती कोणी बंद केलेली नाही ना, एवढे पाहिले म्हणजे झाले.