शिधापत्रिका सीमा ओलांडते, मग दाखला का अडतो?

(१ मे रोजी लिंबायत येथे झालेल्या समाज मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आज १ मे. १९६० साली याच दिवशी मुंबई राज्याची दोन राज्ये झाली. गावाकडे आज महाराष्ट्र दिन आहे, इथे गुजरात स्थापना दिन आहे, आणि लिंबायतमधले आपण दोन्हींचे आहोत. आपल्यापैकी बऱ्याच जणांचे वाडवडील जळगाव, धुळे, नंदुरबारकडून भुसावळ लाइनच्या गाडीने उधन्याला उतरले. कुणी लूमवर लागले, कुणी डाईंग मिलमध्ये, कुणी मार्केटात कापडाच्या गाठी वाहिल्या. आज आपली घरे आहेत, गणेश मंडळे आहेत आणि मतांना वजनही आहे. लिंबायत हा विधानसभा मतदारसंघ झाल्यावर २०१२, २०१७ आणि २०२२ अशा तीन वेळा संगीताताई पाटील निवडून आल्या. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील नवसारीतून २००९ पासून चार वेळा लोकसभेवर गेले. म्हणून, आपले ऐकणारे कोणी नाही, ही तक्रार आता आपल्याला शोभत नाही. प्रश्न एवढाच आहे की आपण मागतो काय?

मागावे कसे, याचे उदाहरण आपल्या चुलीजवळच आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये 'एक देश, एक शिधापत्रिका' योजनेची सुरुवात झाली, ती राज्यांच्या दोन जोड्यांत. एक आंध्र-तेलंगण आणि दुसरी आपली, गुजरात-महाराष्ट्र. गावच्या कार्डावर सुरतेत अंगठा लावून धान्य मिळू लागले. ७ मार्च २०२५ रोजी अन्नसुरक्षेचा मोठा कार्यक्रम पंतप्रधानांच्या हस्ते झाला, तोही याच लिंबायतमध्ये. म्हणजे दोन सरकारांनी मनावर घेतले तर गव्हाची पिशवी सीमा ओलांडते. मग आमच्या पोराचा कागद का ओलांडत नाही?

आमच्याच गल्लीतला एक मुलगा. जन्म इथला, शाळा इथली, घरात अहिराणी, बाहेर गुजराती. बारावीनंतर जातीचा दाखला हवा होता. इथे सांगितले, वडिलांचा मूळ गावचा पुरावा आणा. गावी गेला तर आजोबांच्या शाळेचा उतारा हवा. शाळेत गेला तर जुने रजिस्टर तालुक्याला. चार फेऱ्या झाल्या, बापाचे चार आठवड्यांचे खाडे पडले, आणि प्रवेशाची तारीख निघून गेली. त्या मुलाचे एक वर्ष गेले आणि कुणाच्याही हिशेबात ते नुकसान दिसत नाही.

यातले काही कायद्याने बांधलेले आहे, ते आम्ही लपवत नाही. दुसऱ्या राज्यातून आलेल्या अनुसूचित जातीच्या माणसाला तिथल्या राज्यसेवेत आरक्षण मागता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ३० ऑगस्ट २०१८ रोजी दिला. जातींच्या याद्या बदलणे संसदेचे काम आहे. पण कागद शोधणे आणि तपासणे हे सरकारी कचेऱ्यांचेच काम आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जातींना १९५०, विमुक्त-भटक्यांना १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १९६७ सालच्या आधीचा पुरावा लागतो. १९५० साली तर पूर्व खानदेश आणि सुरत हे दोन्ही जिल्हे एकाच मुंबई राज्यात होते! एका राज्याचे दप्तर दोन राज्यांत वाटले गेले, त्याचा भुर्दंड आज अठरा वर्षांच्या मुलाने का भरावा?

शिक्षणातही तीच गत. महाराष्ट्रात वैद्यकीयच्या राज्य कोट्यासाठी सर्वसाधारणपणे दहावी-बारावी तिथेच झालेली असावी लागते. काही वर्षे गावी आजीजवळ आणि काही वर्षे इथे शिकलेले पोर मधल्यामध्ये लटकते. गुजरातने २०१८ मध्ये मुख्यमंत्री अप्रेंटिसशिप योजना आणली, महाराष्ट्राने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. योजना चांगल्या आहेत, पण महाराष्ट्राची योजना तिथल्या अधिवासी तरुणांसाठीच आहे. राष्ट्रीय युवा धोरण १९८८, २००३ आणि २०१४ असे तीन वेळा आले. धोरणे झाली, पण दोन राज्यांच्या मध्ये उभ्या असलेल्या तरुणाची जबाबदारी नेमकी कुणाची, हे अजून ठरायचे आहे.

हे ठरवण्याची जागा आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने विभागीय परिषदा नेमल्या. आपल्या पश्चिम विभागीय परिषदेत गुजरात, महाराष्ट्र, गोवा आणि दादरा-नगर हवेली व दमण-दीव एकत्र बसतात, अध्यक्ष केंद्रीय गृहमंत्री असतात. २८ ऑगस्ट २०२३ ला गांधीनगरला आणि २२ फेब्रुवारी २०२५ ला पुण्याला तिच्या बैठका झाल्या. तिथे आपला विषय जावा म्हणून आमच्या तीन मागण्या आहेत. पहिली, सुरत आणि खानदेशच्या तीन जिल्ह्यांतील कचेऱ्यांनी जुन्या नोंदी आपसांत मागवून तपासाव्यात, मुलाला फेऱ्या घालायला लावू नयेत. दुसरी, प्रशिक्षणाच्या योजनांत तरुण जिथे राहतो आणि शिकतो तेच त्याचे ठिकाण धरावे. तिसरी, हे ठरवताना तरुणांना समोर बसवावे.

तिसरी मागणी काही जगावेगळी नाही. युरोपात कौन्सिल ऑफ युरोप या संस्थेत युवकांचे कार्यक्रम आणि त्यांचा पैसा सरकारी प्रतिनिधी आणि युवा संघटनांचे ३० प्रतिनिधी मिळून ठरवतात. तिथे तरुण नुसते निवेदन देऊन परत जात नाहीत.

पण दुसऱ्यांना सांगण्याआधी आपण आरशात पाहू. आपल्या किती मंडळांच्या कार्यकारिणीत पंचविशीच्या आतले कुणी आहे? मुली तर सोडाच. सतरंज्या टाकायला आणि मिरवणुकीला पोरे हवीत, ठरावाला मात्र आपणच. आपण जुने रहिवासी. आपले कागद जमले, म्हणून कालपरवा खोली घेऊन आलेल्याची धावपळ आपल्याला दिसत नाही. दिसायला हवी, कारण आपणही एकेकाळी तसेच आलो होतो.

म्हणून आमचा प्रस्ताव असा. कार्यकारिणीतल्या दोन जागा आम्ही ज्येष्ठांनी सोडाव्यात आणि त्यावर तिशीच्या आतला एक मुलगा आणि एक मुलगी घ्यावी, मताच्या अधिकारासह. कुणाचा कागद कुठे अडला याची वही त्यांनी ठेवावी आणि तीच वही घेऊन आपण आमदार-खासदारांकडे जावे. घरातल्या सतरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाचा मतदार नोंदणीचा अर्जही भरून घ्यावा. २०२२ पासून तो आगाऊ भरता येतो.

आजोबांनी भाकरीसाठी सीमा ओलांडली. नातवाला त्याच सीमेवर ताटकळत ठेवू नका, एवढेच दोन्ही सरकारांना आणि आपल्यालाही सांगणे.

जय महाराष्ट्र! जय गुजरात! जय हिंद!