मुलगी मैदानात उतरते, पण ठरवतं कोण?



कॉलेजात असताना माझी कबड्डीच्या संघात निवड झाली होती. पण संघासोबत एकही बाई जाणार नव्हती. आईनं विचारलं, "रात्री तुमच्याजवळ कोण राहील?" उत्तर कुणाकडेच नव्हतं. माझी बॅग भरलेलीच राहिली. तेव्हा आईचा राग आला. आज वाटतं, आईचा प्रश्न बरोबर होता, तो विचारायला हवा होता खेळाच्या विभागाला.

आपल्या भंडारा जिल्ह्यातली कॉलेजं राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाला जोडलेली आहेत. हे विद्यापीठ 1923 सालचं. विद्यापीठात खेळाचा वेगळा विभाग असतो, त्याचे प्रमुख म्हणजे क्रीडा संचालक. कॉलेजं आपसांत खेळतात, त्यातून विद्यापीठाचा संघ निवडतात, तो पुढे दुसऱ्या विद्यापीठांशी खेळतो. स्पर्धा कुठं, कोणत्या तारखेला, मुलींसोबत कोण, मुक्काम कुठं, खर्च कसा, हे सगळं या विभागाला बघावं लागतं.

घरी धानाची कापणी सुरू आहे आणि सकाळी आठला नागपूरच्या मैदानावर हजर व्हायचं आहे. नागपुरातल्या मुलीला ते सोपं. लाखांदूरकडच्या खेड्यातली मुलगी निघणार कधी? नियम दोघींना सारखा, अडचण सारखी नाही. चांगला प्रमुख हे आधी ओळखतो. गटाची अध्यक्षही कर्ज देताना कुणाची गरज आधी, हे बघतेच ना!

आता काळ बदलतो आहे. 2020 पासून खेलो इंडियाच्या विद्यापीठ स्पर्धा सुरू झाल्या. त्याच वर्षीच्या शैक्षणिक धोरणामुळे खेळालाही पदवीत श्रेयांक, म्हणजे गुणांसारखं मोल मिळू लागलं. चांगलं झालं. पण श्रेयांक नुसत्या हजेरीपटावरच्या सह्यांनीही भरता येतात. मुली खरंच धावतात का, हे बघणारं माणूस त्या खुर्चीवर हवं.

एक गोष्ट दूरची सांगते. अमेरिकेत 1972 साली कायदा झाला, शिक्षणात मुलगा-मुलगी भेद नको. मुलींचा खेळ खूप वाढला. पण मुलामुलींचे वेगळे विभाग एकत्र झाले, तेव्हा प्रमुखपद बहुतेक ठिकाणी पुरुषांकडे गेलं. त्याआधी मुलींच्या विभागांपैकी 90 टक्क्यांहून जास्त विभाग बायाच चालवत होत्या. मैदान मिळालं, खुर्ची गेली.

म्हणून मुलीला फक्त खेळाडू करून थांबू नका. शारीरिक शिक्षणात पदवी, पदव्युत्तर पदवी आणि पुढे नेट किंवा सेट केलं, तर तीही कॉलेजची क्रीडा संचालक होऊ शकते. शिकायला फार लांब जायला नको. आपल्या विदर्भात, अमरावतीला, 1914 सालापासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं आहे.

आणि यंदा मुलीचं नाव कॉलेजात घालायला जाल, तेव्हा फीसोबत तीन गोष्टी विचारा. मुलींचा सराव किती वाजता? संघासोबत बाई असते का? प्रवासाचा खर्च आधी मिळतो की नंतर? एकटीला संकोच वाटेल. गटातल्या चौघी मिळून जा. चौघींना उत्तर द्यावंच लागतं.