आधी पाय, मग नळी



पत्रिकेत विषय छापलाय ‘हौशी आकाशनिरीक्षकांसाठी दुर्बिणीची निवड आणि निगा’. भिंगाची दुर्बीण, आरशाची दुर्बीण, गॅलिलिओ, न्यूटन हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. शाळेत आकृत्याही काढल्यात. ते सोडतो. मला आधी एकच गोष्ट सांगायचीय, मग निगेकडे वळू. दुर्बीण घ्यायला गेलात की नळीकडे बघू नका, तिच्या पायांकडे बघा. (हशा) पुढच्या रांगेतले जे आत्ता मोठ्यानं हसले, त्यांची दुर्बीण माळ्यावर आहे हे मी पैजेवर सांगतो.

खोक्यावर छापलेलं असतं ‘५२५ पट’. शेजारी शनीचा रंगीत फोटो, तो बहुधा अवकाशयानानं काढलेला. नळीचं तोंड मात्र ६० मिलिमीटर. मिलिमीटरची दुप्पट, ही वर्धनाची ढोबळ मर्यादा. म्हणजे १२० पट, तेही हवा शांत असेल तर. त्यापुढे नुसता धुरकट गोळा मोठा होतो.

आता १२० पट लावलंत. साध्या आयपीसमधून, म्हणजे डोळा लावायच्या भिंगातून, तेवढ्या वर्धनाला अख्खा चंद्रही मावत नाही. पृथ्वी फिरतेय, त्यामुळे ग्रह दोन मिनिटांच्या आत या कडेनं येऊन त्या कडेनं निघून जातो. तुम्ही नळी सरकवायला हात लावता, तिपाई डुलते, आणि ते डुलणंही १२० पट मोठं होऊन दिसतं. थरथर थांबेपर्यंत गुरू गेलेला. पोराचा उत्साह तिथंच संपतो, आणि दोष नळीला!

म्हणून दुकानात दूरच्या एखाद्या टॉवरवर नळी रोखा, टिचकी मारा आणि मनात मोजा. तीनपर्यंत चित्र स्थिर झालं तर ठीक. पाचाच्या पुढे गेलात तर हात खिशात घालून घरी या. आधीच घेतली असेल तर तिपाईचे पाय पूर्ण लांबवू नका, स्टुलावर बसून बघा. मधोमध पाण्याचा कॅन लटकवा. आणि गच्चीपेक्षा अंगण बरं. स्लॅबवर कुणी चाललं तरी हादरा पोचतो, शिवाय दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडत राहतो आणि चित्र उकळल्यासारखं दिसतं.

चिठ्ठी आलीय: ‘माझी दुर्बीण कॉम्प्युटरवर चालते, ग्रह स्वतः शोधते. तिचं काय?’ शोधते ना? छान. पण तिपाई लेचीपेची असेल तर तिला सापडलेला शनीही हलतानाच दिसणार. मी यंत्रांच्या विरुद्ध नाही हो! हा आरोप माझ्यावर मागेही झालाय.

या दुखण्यावर इलाज काढला तो एका संन्याशानं. जॉन डॉब्सन, जन्म १९१५ चा, पेकिंगमधला. बर्कलेत रसायनशास्त्र शिकला आणि १९४४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदांत सोसायटीत दाखल झाला. विवेकानंदांनी १९०० साली स्थापलेली तीच. मठात बसून यानं जहाजाच्या खिडकीची जाड काच घासून आरसा केला. पुढं सॅक्रामेंटोच्या मठात धाडलं, तर तिथंही तेच. रात्री दुर्बीण ढकलत गल्लीत न्यायची आणि पोरांना चंद्र दाखवायचा. मठात कुणाला कळू नये म्हणून पत्रांत दुर्बिणीला सांकेतिक नाव ‘जिरेनियम’! कुंडीतलं जिरेनियम म्हणजे नळीत बसवून बैठकीवर ठेवलेली दुर्बीण. फुललेलं जिरेनियम म्हणजे आरशावर ॲल्युमिनियमचा मुलामा चढला. (हशा) शेवटी १९६७ मध्ये मठातून काढलं. तो फूटपाथवर उभा राहिला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आकाश दाखवू लागला, ते २०१४ साली जाईपर्यंत. 

त्याची बैठक कसली? प्लायवुडचं खोकं. त्याच्या तळाला सनमायका, त्याखाली टेफ्लॉनचे तीन तुकडे. टेफ्लॉनची गंमत अशी की हलवायला सुरुवात करताना आणि हलतं ठेवताना जोर जवळजवळ सारखाच लागतो. त्यामुळे झटका बसत नाही. बोटानं ढकललं तेवढंच सरकतं, सोडलं की तिथंच थांबतं. सनमायका खरखरीत घ्या, गुळगुळीत नको. आपला कुठलाही सुतार हे करील. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळाही झाल्यात...

घंटा झाली? निगा तर राहिलीच! बरं, भरभर सांगतो. पहिला आयपीस २५ मिलिमीटरचा लावा, नंतर १० चा. फाइंडर, म्हणजे नळीवरची नेम धरायची छोटी दुर्बीण, दिवसा, दूरच्या टॉवरवर जुळवा. बघण्याआधी अर्धा-एक तास नळी बाहेर ठेवा, आरसा निवला पाहिजे. आरसा पुसायचा नाही, धूळ असू द्या. पावसाळ्यात खरी भीती बुरशीची: आयपीस घट्ट डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा, जेल अधूनमधून तापवून वाळवा. आणि हे नीट ऐका. सूर्याचा फिल्टर नळीच्या तोंडावर, पुढेच लावायचा. आयपीसला लावायचा काळा फिल्टर सोबत आला असेल तर आज रात्रीच टाकून द्या. तो उन्हानं तडकतो आणि डोळा जातो. सूर्य बघताना फाइंडरही झाका.

शेवटची चिठ्ठी, अक्षर बाईंचं दिसतंय: ‘एवढं खोकं ठेवायचं कुठे?’ हा आक्षेप बरोबर आहे. सहा इंची घेतलीत तर उभी करून कोपऱ्यात मावते, पण तो कोपरा आधी रिकामा करावा लागतो. ते घरात विचारून ठरवा, मी त्यात पडत नाही. (हशा) अध्यक्ष उठलेत. थांबतो.