बोजोलेच्या द्राक्षमळ्यातील एक घर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



सेक्रेटरीबाईंनी मला सांगितले की तुम्ही फ्रान्सला जाऊन आलात, तर चार शब्द बोला. पॅरिसचा मनोरा मीही पाहिला, पण त्याची चित्रे तुम्ही सर्वांनी पाहिलेली आहेत. मी बोलणार आहे ते तिकडच्या एका शेतकऱ्याच्या घराविषयी. ते घर वाइन करते. हे ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील, आणि त्यात त्यांची चूक नाही. आपल्या गावात दारूच्या दुकानाचे मतदान झाले, तेव्हा आडव्या बाटलीवर शिक्का मारा म्हणून दारोदार फिरणाऱ्यांत मीही होते. उद्या पुन्हा मतदान लागले तरी माझे मत आडव्या बाटलीलाच. तरीसुद्धा त्या घरी मी गेले, दिवसभर राहिले, आणि तिथे पाहिले ते तुम्हाला सांगावेसे वाटते.

माझा धाकटा भाऊ लिऑन शहरी नोकरीला आहे. भावजयीच्या बाळंतपणासाठी २०२३ साली मी तिकडे जवळजवळ तीन महिने होते. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात भाऊ म्हणाला, "ताई, तू नाशकाच्या द्राक्षवाल्यांच्या घरची. इथली बाग पाहिल्याशिवाय कशी जाशील?" त्याच्या कचेरीतल्या एका बाईंच्या मावशीचा मळा बोजोले भागात आहे. लिऑनहून आगगाडीने उत्तरेला पन्नासएक किलोमीटरवर बेलव्हिल स्टेशन, तिथून मोटारीने टेकड्यांकडे. एका बाजूला सोन नदीचे सपाट खोरे, दुसऱ्या बाजूला चढत गेलेले डोंगर, आणि उतारावर सगळीकडे द्राक्षेच द्राक्षे.

पण त्या वेली पाहून प्रथम मला हसू आले. मांडव नाही, तारा नाहीत, अँगल नाहीत. एकेक खोड गुडघ्याएवढे, त्याला वर चारपाच फांद्या, पेल्यासारख्या पसरलेल्या. लांबून पाहिले तर कुणी तुरीचे रान म्हणेल. द्राक्षाची जात गामे. मणी लहान, काळा आणि आत बी. फोडून पाहिला तर रस पांढराच! सारा रंग सालीत असतो. आपल्याकडे बागेत उभ्याने वर हात करून घड काढायचा, मान दुखते. तिकडे कंबरेत वाकायचे, पाठ मोडते. मी तासभर तोडणी केली. शेजारच्या ओळीत कॉलेजची पोरे होती, ती माझ्या हाताकडे बघत राहिली. मणी न फुटता घड कसा काढावा, हे मला कुणी शिकवायला नको होते!

मळा सात हेक्टरांचा, म्हणजे सुमारे सतरा एकर. कलमाची गोष्ट निघाली तेव्हा मी कान टवकारले. आपण खाली डॉगरिजचा खुंट लावून वर थॉमसनचे कलम करतो, ते पाणी कमी आणि जमीन खारवट म्हणून. तिकडेही प्रत्येक वेलीचा खुंट अमेरिकेचा आहे. कारण निराळे. १८६० नंतरच्या काळात अमेरिकेहून आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या बारीक किडीने मुळे खाऊन अख्ख्या फ्रान्सच्या बागा बसवल्या. अमेरिकन वेलीच्या मुळांना ती कीड मारू शकत नाही, म्हणून खुंट तिचा आणि वरची फांदी आपली. शिरूब्ल गावच्या व्हिक्टर प्युलिया यांनी या कलमांचा पुष्कळ प्रचार केला, आणि त्या गावाने त्यांचा पुतळा उभारला आहे. आपण डावणीवर मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो फवारतो, तो बोर्डो शब्दसुद्धा फ्रान्समधल्या एका शहराचा आहे. इतकी वर्षे तोंडात असलेला शब्द, पण मला हे तिथे जाऊन कळले.

आणखी एक गोष्ट सांगते, ती खास आपल्या उपयोगाची. जवळच्या रोमानेश गावी बेन्वा राक्ले नावाचा गृहस्थ होऊन गेला. तो वारला १८४४ साली. त्याच्या काळी पिराल नावाची अळी वेली फस्त करत होती. सगळीकडे पाने झडलेली, पण त्याच्या घराच्या भिंतीलगतची एक वेल हिरवीगार. का? तर घरातले कढत पाणी रोज तिच्या बुंध्याशी पडत होते. त्यावरून त्याने हिवाळ्यात खोडांवर उकळते पाणी ओतून अळ्या मारण्याची रीत काढली. आधी लोक हसले, मग तीच रीत त्या भागात शंभर वर्षे चालली. गावात त्याच्या नावाचा उत्सवही होतो. मी भावाला म्हटले, राक्लेचे नाव झाले हे बरेच झाले, पण भांड्याधुण्याचे ते पाणी रोज कोण टाकत होते, हे विचार. त्याने विचारले. ते कुणाला ठाऊक नव्हते.

आता तळघराकडे येते. मला वाटले होते मोठी यंत्रे असतील. तिथे सिमेंटच्या टाक्या, एक घाणा आणि लाकडी पिंपे एवढेच होते. त्या घरी घड न फोडता अख्खेच टाकीत ओततात. खालचे घड वरच्यांच्या भाराने फुटतात, त्यांचा रस आंबू लागतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू निघून टाकी भरते, आणि त्या वायूत वरचे न फुटलेले मणी आतल्या आत आंबतात. म्हणून तोडणी हातानेच हवी, मणी फुटलेला चालत नाही. काही दिवसांनी घाण्यात घालून रस काढतात. घाण्यातून पहिल्याने जो गोड रस येतो त्याला ते 'पॅराडी' म्हणतात, म्हणजे स्वर्ग. एका बाटलीला सव्वा किलोच्या आसपास द्राक्षे लागतात. हा वायू मात्र वाईट. तो जड असतो, खाली साठतो, आणि माणूस आत गेला की गुदमरतो. म्हणून जुने लोक हातात पेटती मेणबत्ती घेऊन तळघरात उतरत. ती विझली की माघारी. माझ्या माहेरी धान्याचे पेव उघडले की आधी दिवा सोडत, तो विझला तर कुणी उतरत नसे. हे मी सांगितल्यावर घरधनीणबाई भावाला म्हणाल्या, "यांना सगळे समजावून कशाला सांगतोस, यांना माहीतच आहे!"

वाइन मी घेतली नाही. कुणी आग्रहही केला नाही, ताज्या द्राक्षांचा रस दिला. (आपल्या वैद्याचे द्राक्षासवही आंबवूनच होते, हे मी घरी कुणाला बोलत नाही.) बाटलीवर एक लहान चित्र दिसले, पोटुशी बाई आणि तिच्यावर आडवी रेघ. गरोदरपणी घेऊ नका, असा त्याचा अर्थ. २००७ सालापासून ते तिकडे बाटलीवर असावेच लागते. आणि त्याच देशात १९५६ पर्यंत शाळेतल्या जेवणात लहान मुलांनाही वाइन देत असत, मग सरकारने चौदा वर्षांखालच्यांना बंद केली! एकंदर पिणे १९६० च्या मानाने निम्म्याहून कमी झाले आहे. दारू कमी झाली हे चांगले, असे मी मनात म्हटले. पण त्या बाई सांगत होत्या की खप नाही म्हणून शेजारच्याने वेली उपटल्या, आणि वेल उपटलेली बाग कशी दिसते ते मला ठाऊक आहे. दोन्ही खरे आहे, मी काय करू!

दुपारी तोडणीच्या वीस माणसांचे जेवण होते. रांधणाऱ्या होत्या आजीबाई, वय ब्याऐंशी. मी त्यांच्याजवळ स्वयंपाकघरात बटाटे सोलायला बसले. भाऊ दुभाष्या म्हणून दारात उभा. मी आजीबाईंना म्हटले, तुमचे सगळे आयुष्य या मळ्यात गेले असेल. त्या आधी नुसत्या हसल्या, आणि मग एकेक सांगू लागल्या.

१९६१ साली त्या लग्न होऊन या घरी आल्या. तेव्हा जमीन यांची नव्हती, सासरे अर्धेलीने कसत. निम्मी वाइन मालकाची. एवढ्यावर भागत नव्हते. मालकाच्या घरची मोठी धुणी सासूने धुवायची, शिवाय कोंबड्या आणि लोणी पोचवायचे, अशी करारातच बोली होती. मग यांनी कर्ज काढून थोडी थोडी जमीन घेतली. आजीबाई हिवाळ्यात छाटलेल्या काड्या गोळा करीत, उन्हाळ्यात फुटवे बांधीत, तोडणीला सगळ्यांचे रांधीत, बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवीत, आणि रात्री मुले निजली की हिशेब लिहीत. बँकेत मात्र पाऊल टाकता येत नव्हते. नवऱ्याच्या संमतीवाचून लग्न झालेल्या बाईने स्वतःचे खाते उघडण्याचा कायदा तिकडे १९६५ साली झाला. तोपर्यंत आपल्याला वाटते तसे ते पुढारलेले नव्हते. सरकारी कागदावर धंदा या रकान्यात आजीबाई कायम लिहीत आल्या, "काही नाही." शेतकऱ्याच्या बायकोने कुटुंबाच्या शेतात केलेले काम धरून तिला निवृत्तिवेतनाचा हक्क देणारा दर्जा १९९९ च्या कायद्याने आला. तोवर आजीबाईंचे अठ्ठावन्नावे वर्ष उजाडले होते.

"आणि बाटलीवर?" मी विचारले. बाटलीवर त्यांच्या सासऱ्यांचे नाव, पुढे 'पेर ए फीस'. म्हणजे पिता आणि पुत्र. ही तिकडची जुनी रीत आहे, अर्ध्या दुकानांवर तीच पाटी. मुलगा रेल्वेच्या नोकरीला गेला, तरी चिठ्ठीवर पिता आणि पुत्रच राहिले. मळा पाहत होती मुलगी. तिकडे १८०४ पासून वारशात मुलगा आणि मुलगी सारखेच, त्यामुळे तिचा हिस्सा ठरलेला होता. वडील गेल्यावर तिने भावाचा हिस्सा रीतसर विकत घेतला, आणि पहिले काम केले ते चिठ्ठी बदलण्याचे. आता तिथे छापले आहे 'मेर ए फीय', आई आणि मुलगी. जुनी गिऱ्हाइके म्हणाली, वाइन बदलली की काय? आजीबाईंनी मला ते सांगताना बटाट्याचा चाकू खाली ठेवला आणि पोट धरून हसल्या. "करणारी तीच होती," म्हणाल्या.

त्या हसल्या, पण मला हसू येईना. तेवीस वर्षे मी आमच्या बागेत विरळणी करते, मजुरांचे हजेरीपत्रक लिहिते, व्यापाऱ्याच्या क्रेट मोजून घेते. शिक्षण सातवी, पण हिशेबात पैशाची चूक नाही. आणि कुणी विचारले की मी सांगते, काही करत नाही, घरीच असते. आपल्याकडे २००५ च्या कायद्याने मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हक्क मिळाला, हे खरे. पण सुनेचे काय? नवऱ्याने अर्ज केला तर लक्ष्मी मुक्ती योजनेत बायकोचे नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लागते. ही योजना आहे हे आपल्यापैकी किती जणींना माहीत आहे?

परत आल्यावर मी घरात हा विषय काढला. हे म्हणाले, "नाव लावून काय द्राक्षे जास्त येणार आहेत?" मी म्हटले, "द्राक्षे तेवढीच येतील. नाव येईल." आठ दिवस कुणी काही बोलले नाही. मग सासूबाईच एके दिवशी जेवताना यांना म्हणाल्या, "माझे तर राहिले. हिचे लाव." अर्ज तलाठ्याकडे दिला आहे, फेरफार अजून व्हायचा आहे. अर्जाची एक नक्कल मी मंडळाच्या कपाटात ठेवली आहे. ज्या भगिनींना ती उतरून घ्यायची असेल, त्यांनी शुक्रवारी दुपारी तीननंतर यावे, मी असेन.