जिभेची परीक्षा



चहाचा पहिला घोट घेताच "आज पुडा बदललाय" असं सांगणारे एखादे आजोबा तुमच्या घरी असतीलच. आमच्या घरी मामा होते. एकदा मामींनी नेहमीच्या डब्यात दुसऱ्याच दुकानचा चहा भरला. मामा आठ दिवस तोच प्याले आणि "चहा म्हणजे आपला हाच" म्हणत राहिले. मामी पदराआड हसत होत्या. आता जिभेला खोटं म्हणावं, की डब्याला मोठं म्हणावं? अमेरिकेत याच कोड्याने एका बलाढ्य कंपनीची फजिती केली.

कोका-कोला हे पेय 1886 साली अटलांटा शहरात जॉन पेंबर्टन या औषधवाल्याने काढले. पेप्सीही औषधाच्या दुकानातच जन्मली, 1893 साली, कॅलेब ब्रॅडहॅम यांच्या हातून. सख्खे शेजारी असावेत तसे दोघांचे भांडण पुढे चालतच राहिले.

1975 साली पेप्सीने डॅलस शहरात एक युक्ती केली. दोन पेले, दोन्हींत काळे पेय, नावे झाकलेली. चाखा आणि आवडले ते सांगा! निम्म्याहून अधिक लोकांनी पेप्सीचा पेला उचलला. पेल्यांवर खुणेसाठी इंग्रजी अक्षरे होती : पेप्सीवर एम, कोकवर क्यू. कोकवाले म्हणाले, लोकांना क्यूपेक्षा एम हे अक्षरच जास्त आवडते! दोन्ही पेल्यांत कोकच ओतून त्यांनी तसे दाखवूनही दिले. गुरुजी, हसू नका. खूण कसलीही घाला, ती चवीत मिसळतेच.

दुसरी गोष्ट अशी, की पेप्सी जराशी गोड. एका घोटाला गोडच जिंकते. बासुंदीचा पहिला चमचा आणि तिसरी वाटी यांत काय अंतर आहे, ते पंगतीत बसणाऱ्याला विचारा.

पण कोकवाले धास्तावले. त्यांनी नवी, गोडसर चव तयार केली, जवळजवळ दोन लाख लोकांना चाखवली. नवी सरस ठरली. 23 एप्रिल 1985 रोजी जुनी बंद करून नवी बाजारात आणली. आणि काय सांगावं, लोक खवळले! कंपनीला दिवसाला चारशे टेलिफोन यायचे, ते जूनमध्ये दीड हजारांवर गेले. कोणी जुन्या बाटल्यांची साठवण केली. अखेर 79 दिवसांनी, 11 जुलैला, जुनी चव परत आली. घोटभर चाखून चव कळते. पण वर्षानुवर्षांची सवय हिरावली तर माणसाला काय वाटेल, ते पेल्यात कसं दिसणार?

2004 साली ह्यूस्टनच्या शास्त्रज्ञांनी माणसांच्या मेंदूची चित्रे घेतली. नाव झाकले तेव्हा आवड दोन्हींत साधारण सारखी वाटली गेली. 'हे कोक' असे सांगितले, की आठवणींशी संबंध असलेले मेंदूचे भाग जागे होत. म्हणजे मामा काही खोटं बोलत नव्हते. डबाही ते पीतच होते!

आपल्याकडे 1977 साली कोका-कोला देश सोडून गेली, आणि मुंबईच्या पार्लेने थम्स अप काढले. 1993 साली कोका-कोला परतली, तिने थम्स अप विकत घेतले. नाव मात्र पुसले गेले नाही. मनमाडजवळच्या हडबीच्या शेंडीला पुष्कळ लोक थम्सअपचा डोंगरच म्हणतात.

आता गुरुजी, शाळेत एक प्रयोग करा. दोन दुकानांचा गूळ आणा. सारखे वजन, सारखे पाणी. प्रत्येक मुलापुढे तीन पेले ठेवा : दोघांत एकच गूळ, तिसऱ्यात दुसरा. वेगळा कोणता ते ओळखायचे. ओतणारा मुलगा पडद्याआड असावा, वाढणाऱ्याला काहीच ठाऊक नसावे, आणि वेगळ्या पेल्याची जागा दर वेळी बदलावी. तीस मुले असतील तर निव्वळ अंदाजानेही दहाजण बरोबर सांगतील, तेव्हा दहा-अकराने हुरळून जाऊ नका. मध्ये साध्या पाण्याने चुळा भरायला लावा. आणि गुळाचे पाणी फडक्यातून गाळून घ्या, नाहीतर मुले चवीऐवजी काडी-कचराच ओळखतील.