डिझेल कुणाच्या रकान्यात?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



दर महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात वर्तमानपत्रात एक छोटीशी बातमी येते. गेल्या महिन्यात देशातला डिझेलचा खप इतका वाढला, पेट्रोलचा तितका वाढला. आपण ती वाचतो आणि पान उलटतो. मीही उलटत असे. पण मालवण किनाऱ्यावरच्या एका मच्छीमार सहकारी संस्थेत, डिझेल पंपाचा हिशोब लिहिण्यात माझी नोकरीची बरीच वर्षं गेली. त्यामुळे पुढे पुढे वाटू लागलं, हा देशाचा आकडा येतो तरी कुठून? आणि आपल्या बंदरावरच्या नौकांचं डिझेल त्यात नेमकं कुठे बसतं?

सुरुवात जमिनीखालच्या टाकीपासून करू. पंपावर रोज सकाळी टाकीत एक लांब धातूची पट्टी सोडतात. तिला आम्ही 'डिप' म्हणतो. पट्टी कुठवर भिजली ते पाहायचं, तक्त्यावरून लिटर काढायचे, पंपाच्या मीटरचा आकडा वहीत उतरवायचा. कालची शिल्लक, त्यात आलेला टँकर, वजा विक्री. जमलं तर दिवस चांगला.

एका वर्षी ते जमलं नाही. मे महिन्याच्या अखेरीस कडक उन्हात टँकर आला, साधारण १५ हजार लिटर टाकीत उतरलं. लगेच पावसाळी मासेमारी बंदी सुरू झाली, नौका किनाऱ्यावर ओढल्या गेल्या, विक्री थांबली. काही दिवसांनी डिप घेतला, तर पाऊणशे-ऐंशी लिटर कमी! आमचे चेअरमन लालबुंद. "डिझेल गेला खंय रे?" असं म्हणत त्यांनी पंपावरच्या पोराकडे पाहिलं. पोरगा रडवेला झाला. डिझेल कुठेच गेलं नव्हतं. उन्हात तापून आलेलं तेल जमिनीखाली सहा-सात अंशांनी थंड झालं आणि आकसलं, एवढंच. मला ते उमगायला दोन दिवस लागले, आणि ते दोन दिवस त्या पोरावर चोरीचा संशय राहिला. आकडा चुकीचा वाचला की त्याची शिक्षा बहुधा सगळ्यांत धाकट्याला होते, हे मी तेव्हा शिकलो.

म्हणूनच तेलाच्या धंद्यात मोठे हिशोब १५ अंश तापमानाला आणून करतात, आणि देशपातळीवरचा आकडा लिटरमध्ये नव्हे तर टनांत देतात. वजन उन्हापावसात बदलत नाही. एक टन म्हणजे डिझेलचे साधारण १२०० लिटर आणि पेट्रोलचे साधारण १४०० लिटर. कच्च्या तेलाच्या एका टनात सव्वासात पिंपांहून थोडं अधिक तेल मावतं. वायूची गोष्ट आणखी निराळी. आपल्या शेजारी रत्नागिरी जिल्ह्यात दाभोळला द्रवरूप वायूची जहाजं लागतात. त्या द्रवाच्या एका टनाचे तेराशे-चौदाशे घनमीटर वायू होतात. म्हणजे बातमीतला आकडा वाचताना आधी विचारावं, हे लिटर, टन, पिंप की घनमीटर?

आता हे आकडे गोळा कोण करतं? १९७५ पासून ऑइल कोऑर्डिनेशन कमिटी नावाची यंत्रणा होती. तेलाचे भाव सरकार ठरवत असे आणि कंपन्यांची देणी-घेणी एका सामाईक खात्यातून भागवली जात. पैसे हवेत तर हिशोब द्या, असा सरळ मामला होता. १ एप्रिल २००२ रोजी ही भावपद्धती संपली आणि पेट्रोलियम मंत्रालयाखाली पेट्रोलियम प्लॅनिंग अँड अ‍ॅनालिसिस सेल, म्हणजे 'पीपॅक', स्थापन झाला. सरकारी आणि खासगी तेल कंपन्या आपले उत्पादनाचे, आयातीचे, शुद्धीकरणाचे आणि विक्रीचे आकडे दर महिन्याला तिथे पाठवतात. आधी तात्पुरते आकडे येतात, मागाहून सुधारतात. मंत्रालय वर्षाचं सांख्यिकी पुस्तक काढतं आणि राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय ऊर्जेची वार्षिक आकडेवारी देतं.

या साखळीचं वरचं टोक मोजायला त्यामानाने सोपं. १९७४ मध्ये 'सागर सम्राट'ने मुंबई हायला तेल शोधलं. तिथलं तेल समुद्राखालच्या नळातून उरणला येतं, वाटेत मीटर आहेत. बाहेरून येणारं तेल जहाजाने येतं, त्याची कागदपत्रं बंदरावर होतात. २०२३-२४ मध्ये देशात सुमारे २.९ कोटी टन कच्चं तेल निघालं आणि पेट्रोलियम पदार्थांचा खप सुमारे २३ कोटी टन झाला. शंभरातला जवळजवळ ८८ वाटा बाहेरच्या तेलाचा, हे आपण ऐकतो ते याच हिशोबातून.

अवघड आहे ते खालचं टोक. खप म्हणून जो आकडा छापला जातो, तो बहुतेक करून कंपनीने डेपोतून पंपाला दिलेल्या मालाचा असतो. पंपावरून गाडीत किती गेलं, गाडी कुठे गेली, हे त्यात नसतं. भाव वाढणार अशी कुणकुण लागली आणि पंपवाल्यांनी ३१ तारखेला टाक्या भरून घेतल्या, तर त्या महिन्याचा 'खप' वाढतो. प्रत्यक्षात एकही गाडी जास्त धावलेली नसते.

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. २०१२ मध्ये गोव्याने पेट्रोलवरचा कर जवळजवळ काढूनच टाकला. मग बांदा-सावंतवाडीकडच्या गाड्या पत्रादेवी ओलांडून टाक्या भरू लागल्या. पेट्रोल जळलं सिंधुदुर्गात, आकडा चढला गोव्याच्या खाती! देशाची बेरीज बरोबर, राज्याची वाटणी मात्र चुकलेली. छोट्या राज्याचा माणशी खप पाहून कुणी निष्कर्ष काढला, तर तो फसलाच.

कोण किती वापरतं हे कळायला पाहणीच करावी लागते. 'पीपॅक'ने अशी देशव्यापी पाहणी करून घेतली, तिचा अहवाल २०१४ च्या जानेवारीत आला. डिझेलचा सुमारे ७० टक्के वापर वाहतुकीत, १३ टक्के शेतीत, आणि पेट्रोलचा तब्बल ९९.६ टक्के वाहतुकीत, असं त्यात निघालं. आता आमच्या किनाऱ्यावरचा छोटा मच्छीमार पाहा. होडीच्या मागे लावायचं त्याचं इंजिन पेट्रोलवर चालतं. तो गावातल्या पंपावर कॅन घेऊन जातो, स्कूटरवाल्याच्या मागे रांगेत उभा राहतो. देशाच्या हिशोबात त्याचं पेट्रोल स्कूटरच्या पेट्रोलपासून वेगळं ओळखायचं कसं?

आणि ज्यांची ओळख पटली, त्यांना ती महागात पडली. १८ जानेवारी २०१३ च्या सुमारास केंद्राने डिझेलच्या ग्राहकांचे दोन भाग केले. पंपावरचा किरकोळ ग्राहक आणि कंपनीकडून थेट घेणारा घाऊक ग्राहक. घाऊक भाव एकदम लिटरमागे नऊ-दहा रुपयांनी वाढला. एस.टी. महामंडळ घाऊक आणि मच्छीमार संस्थाही घाऊक! टँकर थेट संस्थेच्या टाकीत येतो ना, मग त्या रकान्यात. त्या टाकीतून दोन-दोनशे लिटर नेणारे तांडेल आणि नौकामालक रकान्यात दिसतच नव्हते. एस.टी.च्या गाड्या रस्त्यावरच्या पंपांवर जाऊ लागल्या. ट्रॉलर कुठे जाणार? मार्च २०२२ मध्ये, युक्रेन युद्धानंतर घाऊक भाव पुन्हा एकदम २५ रुपयांच्या आसपास चढला, तेव्हा तेच घडलं.

त्या महिन्यांची आकडेवारी काय सांगते? घाऊक विक्री घसरली, किरकोळ विक्री उसळली. दिल्लीत बसलेल्या कुणाला वाटावं, कारखाने थंडावले आणि लोक फिरायला निघाले. खरं म्हणजे तेच डिझेल दुसऱ्या दारातून बाहेर पडत होतं.

जगातही हेच दुखणं आहे. १९९७-९८ च्या सुमारास जगाच्या हिशोबात उत्पादन आणि मागणी यांचा मेळ बसेना. त्या 'हरवलेल्या पिंपां'वर बरीच चर्चा झाली, भावही त्या काळात पिंपाला दहा डॉलरच्या आसपास कोसळले होते. त्यानंतर २००१ मध्ये सहा आंतरराष्ट्रीय संस्थांनी एकत्र येऊन देशोदेशींचे मासिक आकडे एकाच नमुन्यात मागवायला सुरुवात केली. तो उपक्रम 'जोडी' या नावाने ओळखला जातो. नाव मराठी कानाला गोड वाटतं, पण ते इंग्रजी आद्याक्षरांचं आहे.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या ताळेबंदात मासेमारीसाठी स्वतंत्र ओळ असते. ती भरण्यासाठी लागणारी माहिती आपल्याकडे नाही असं नाही. डिझेलवरच्या कराचा परतावा मिळावा म्हणून आमच्यासारख्या संस्था नौकावार हिशोब ठेवतात, मत्स्यव्यवसाय खात्याकडे पाठवतात. कुठल्या नौकेने कोणत्या महिन्यात किती लिटर घेतलं, हे त्या वह्यांत आहे. माझ्या हातच्या वह्या अजून कपाटात असतील. त्या फक्त परताव्यापुरत्या उघडल्या जातात.

त्या वह्यांची बेरीज वर पोहोचली, तर पुढच्या वेळी भावाचे दोन भाग करताना निदान कुणीतरी विचारील, हा घाऊक ग्राहक म्हणजे नक्की कोण? आणि तुम्हीही आता ती छोटी बातमी वाचाल, तेव्हा पान उलटण्यापूर्वी क्षणभर थांबा. त्या टक्क्यामागे कुठल्यातरी टाकीत सोडलेली पट्टी आहे, आणि ती हातात धरलेला एखादा पोरगा आहे.