शेवटचं नाव कोणाचं?

कार्यक्रमपत्रिकेवर विषय भारदस्त छापलाय, पण मी बोलणार आहे ते चार पीडीएफ एकत्र जोडण्याबद्दल.

सातबारा, आधार, उत्पन्नाचा दाखला, सगळं एकाच पीडीएफमध्ये हवं असतं. मग आपण ते कुठल्याशा फुकट संकेतस्थळावर चढवतो आणि मोकळे होतो. खरं तर हे काम आपल्याच संगणकावर, इंटरनेटशिवाय होतं. लिनक्सवर पॉप्लर नावाच्या संचात पीडीएफयुनाइट येतं. त्याची रीत सोपी आहे. जोडायच्या फायलींची नावं ओळीने द्यायची आणि शेवटी तयार होणाऱ्या फायलीचं नाव.

गोम आहे ती या ‘शेवटी’मध्ये. आजोबांच्या दहा वह्या मी स्कॅन केल्या होत्या, अकरावी फाइल शब्दसूचीची. टर्मिनलवर तारका टाकली, म्हणजे फोल्डरमधल्या सगळ्या पीडीएफ आल्या. निकालाचं नाव द्यायला मात्र विसरलो. साधनाला अकरा नावं मिळाली आणि अकरावं नाव त्याच्या नियमाने निकालाचं. दहाही वह्या शब्दसूचीच्या डोक्यावर लिहिल्या गेल्या. पडद्यावर एक अक्षर उमटलं नाही. वर क्रमही चुकला, कारण अक्षरांच्या हिशेबात ‘वही-१’नंतर ‘वही-१०’ येते, ‘वही-२’ नव्हे.

चूक माझीच. पीडीएफयुनाइटच्या पुस्तिकेत नावांचा क्रम दिलेला होता. विसरलात तर काय जाईल, हे वाक्य मात्र मी वाचलेल्या पुस्तिकेत नव्हतं.

आता हीच कामं आपण एआय एजंटला सांगू लागलो आहोत. ‘या वह्या जोडून दे’ म्हटलं की तो स्वतः कमांड लिहितो, चालवतो, उत्तर वाचतो. म्हणून मी जोडणीसाठी एक छोटी स्क्रिप्ट केली आणि तिची माहिती फोल्डरमध्ये ठेवली. पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं, ‘पीडीएफ जोडण्याचं सोयीचं साधन’. हे वाक्य दुकानाच्या पाटीवर शोभेल. एजंटला त्यातून काहीच कळत नाही आणि उरलेलं तो अंदाजाने भरतो. माणूस निदान शेजारच्या टेबलावर जाऊन विचारतो.

दुसऱ्या मसुद्यात माझी गाडी व्याकरणात अडकली. एजंटला अरे म्हणावं की अहो? संकोचापोटी मी शासकीय परिपत्रकाची भाषा धरली: ‘निकालाचे नाव वेगळे द्यावे.’ हे ‘द्यावे’ मोठं लबाड आहे. ती आज्ञा आहे, विनंती आहे की सल्ला, हे कारकुनालाही साहेबाचा चेहरा पाहूनच कळतं. एजंटला चेहरा दिसत नाही. शेवटी सरळ एकेरीवर आलो: ‘शेवटचं नाव निकालाचं. त्या नावाची फाइल आधीच असेल तर थांब आणि विचार. वह्या आकड्यांच्या क्रमाने लाव.’

सूचना झाल्या, पण साधन कुठे फसतं हेही सांगायला हवं. युनिक्स या संगणकप्रणालीची पहिली पुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ची, केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांची. साधनातल्या उणिवा ‘बग्ज’ या मथळ्याखाली मांडायची पद्धत तिथपासूनची आहे. आपलं साधन कुठे फसतं हे करणाऱ्यानेच लिहून द्यायचं! आपल्याकडे मिक्सरच्या पुस्तिकेतही इतका प्रामाणिकपणा नसतो. एजंटसाठी लिहिताना मी तो मथळा सगळ्यात वर घेतो.

एक बारकावा सांगतो. क्यूपीडीएफ हे दुसरं साधन काम संपताना एक आकडा परत देतं. ० म्हणजे ठीक, २ म्हणजे चूक. ३ म्हणजे चूक नाही, फक्त काही इशारे आहेत. पण संगणकाच्या जगात शून्य सोडून काहीही आलं की ते अपयश, असा सर्वसाधारण रिवाज. ३चा अर्थ सांगितलेला नसेल तर धडधाकट तयार झालेली फाइल एजंट बिघडलेली समजू शकतो. ही एक ओळ दहा पानी प्रस्तावनेपेक्षा मोलाची.

याच क्यूपीडीएफची आणखी एक गोष्ट मला आवडते. आत येणारी आणि बाहेर जाणारी फाइल एकच दिलीत तर ते नकार देतं, आणि खरोखरच तसं करायचं असेल तर कोणता पर्याय वापरायचा हे त्याच संदेशात सांगतं. सगळं माहितीतच लिहायला हवं, हे माझं मत इथे बदललं. पुस्तिका लांब असेल तर माणूस ती वाचत नाही, एजंट वाचतो. पण कामाच्या पन्नास पायऱ्यांनंतर तिचा किती प्रभाव उरेल, सांगता येत नाही. चूक झाल्यावर येणारा संदेश मात्र नेमका चूक होते त्या क्षणी समोर येतो. म्हणून मी माहितीतली निम्मी वाक्यं काढली आणि ती स्क्रिप्टच्या तोंडी घातली.

आता स्क्रिप्ट म्हणते: ‘शब्दसूची नावाची फाइल आधीच आहे. मी काहीही लिहिलेलं नाही. निकालासाठी दुसरं नाव दे.’ एजंटने हे वाचलं, ‘सर्व-वह्या’ असं नाव दिलं आणि पुढे गेला. मागच्या आठवड्यात घाईत मी स्वतः तीच स्क्रिप्ट चालवली, निकालाचं नाव पुन्हा विसरलो, आणि माझ्याच तोंडचं एकेरी बोलणं मला पडद्यावर ऐकावं लागलं.